सुनेलाच लागणारा करंट

शेलूबाजारच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आधी माझ्याकडे बघतं, मग माझ्या मागे बघतं. माझ्या मागे भिंत आहे. भिंतीला लावून उघडी कॅबिनेटं, मेलेले मॉनिटर आणि कोणी परत न नेलेले प्रिंटर यांची रास आहे. तिथे माणूस सापडत नाही म्हटल्यावर प्रश्न येतो, "मेकॅनिक कवा येईन?" मी म्हणते, बसा, येईलच. मग त्यांच्या पिशवीतून मशीन काढते, आडवं करते आणि स्क्रू काढायला घेते. अर्धं झाकण निघेपर्यंत बहुतेकांच्या डोक्यात प्रकाश पडतो. एक गृहस्थ मात्र मशीन सुरू होऊन पडद्यावर चित्र आलं तरी बसूनच होते. उठताना म्हणाले, "ते आले का एकदा त्याईले दाखवून द्या." 'ते' म्हणजे आमचे मिस्टर. ते तेव्हा शेजारच्या गाळ्यात झेरॉक्स काढत होते. पेचकस कोणत्या टोकाने धरायचा एवढं त्यांना कळतं आणि तेवढंच कळतं हे ते कोणालाही खुशाल सांगतात.

मी या धंद्यात कशी आले ही गोष्ट मला स्वतःलाच कंटाळवाणी वाटते, म्हणून ती सोडते. संपादकांनी आठवणी लिहा म्हटल्यावर डोळ्यांपुढे पुष्कळ जण आले. की-बोर्डवर चहा सांडून 'आपोआप बंद पडला' म्हणणारे आले, दसऱ्याला मशीनची पूजा करताना पंख्याच्या जाळीतून हळद-कुंकू आत ओतणारेही आले. पण मशीन खराब होण्याबद्दल लिहायला फारसं काही नाही, पार्ट बदलला की ते सुधारतं. मला लिहायचं आहे ते करंटाबद्दल. "ताई, मशीन करंट मारून राह्यलं," हे वाक्य आमच्या दुकानात रामरामाइतकं नेहमीचं आहे.

करंट दोन जातींचा असतो आणि आमच्याकडे दोन्हींना शब्द एकच. पहिला अंगातला. हिवाळ्यात, आणि पुन्हा होळीनंतर हवा ठणठणीत कोरडी झाली की, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तर चट्कन ठिणगी बसते. नायलॉनची साडी, टेरिकॉटची पँट, केसाळ ब्लँकेट यांच्या घासण्याने ती वीज आपल्याच अंगावर साचलेली असते. माणसाला तिने काही होत नाही. पण मशीनच्या पोटात रॅम नावाची एक पट्टी असते, ती तेवढ्यानेही मरते आणि मरताना आवाज करत नाही. उपाय सोपा आहे. पिन बोर्डातून काढायची, आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, काम करताना मधूनमधून पुन्हा लावायचा. पट्टी कडेने धरायची, तिच्या सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. आणि पदराने आतली धूळ पुसायची नाही. हे शेवटचं सांगितलं की पुरुष गिऱ्हाइकं हसतात, आणि घरी जाऊन खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसतात.

धनजच्या एका काकांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून रॅम स्वतःच्या हाताने बसवायला घेतली आणि मारली. अंगातल्या करंटाने गेली म्हटल्यावर त्यांनी बाही वर करून मनगट दाखवलं. मनगटात तांब्याचं कडं होतं. सांध्यांच्या दुखण्यासाठी आमच्याकडे निम्मे म्हातारे ते घालतात. "तांबं सगळा करंट ओढून घेते," असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, ओढून घेतं ते ठीक, पण ठेवतं कुठे? कड्यापासून जमिनीपर्यंत वाट नको का? काका विचारात पडून घरी गेले. जरा वेळाने त्यांचा फोन आला की कड्याला वायर बांधून तिचं दुसरं टोक बोर्डाच्या वरच्या भोकात घातलं आहे, आता तरी बरोबर आहे का. मी त्यांना आधी मेन स्विच पाडायला लावलं आणि हातातलं काम टाकून धनजला गेले. बोर्डाचं ते भोक अर्थिंगचं असतं हे काकांना कोणीतरी खरंच सांगितलं होतं. पण त्यांच्या वायरमनने आतून ते भोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, जोडून ठेवलं होतं. त्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटलेली नव्हती म्हणून काका वाचले. अजूनही दिवाळीला न चुकता फोन करतात.

इथून आपण करंटाच्या दुसऱ्या जातीवर येतो. हा अंगातला नसतो, घरातला असतो. मशीनच्या प्लगला दोन बारीक पिना असतात आणि वर एक जाड, लांब पिन. दोघी वीज आणतात आणि परत नेतात. तिसरी रोज काहीच करत नाही. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये विजेतली घाण गाळायची व्यवस्था असते, तिच्यातून थोडीशी वीज कायम कॅबिनेटच्या पत्र्यावर उतरत राहते. तो बिघाड नाही, मशीन बनवतातच तसं. ती वीज त्या तिसऱ्या पिनेने, हिरव्या वायरने, घराबाहेर पुरलेल्या पाइपातून जमिनीत निघून जावी हे गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत धरणाऱ्यांनी आमच्याकडची घरं पाहिलेली नाहीत.

आमच्याकडे ती जाड पिन म्हणजे प्लग घट्ट बसावा म्हणून दिलेली आहे असं मानणारे लोक आहेत. बोर्डाला दोनच भोकं असली तर ती कापून टाकतात. बोर्डाला तीन भोकं असली तरी वरच्याच्या मागे वायर असेलच असं नाही. मी हिरवी वायर भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली पाहिली आहे, खिडकीच्या गजाला बांधलेली पाहिली आहे. टाइल्स बसवताना लोक रंग जुळेपर्यंत चार दुकानं फिरतात. अर्थिंगचा खड्डा मात्र, तो दिसत नाही म्हणून, 'पुढच्या साली'. झणझणतं म्हटलं तर घरातलं कोणीतरी मोठं माणूस सांगतं की एवढं तं राह्यतेच. आमच्या भागात माझ्या धंद्याचा खरा वैरी कोण असेल तर हे वाक्य.

आता आसेगावची गोष्ट. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर संतोषभाऊ दुकानात आले. खताच्या दुकानात नोकरी, थोडी शेती, घरी आई आणि बायको. बायको वर्षा, बी. कॉम. झालेली. वाशीमच्या एका हिशेबनीसाचं टॅलीचं काम ती घरी बसून करायची, त्यासाठी माहेराहून कॉम्प्युटर आणला होता. भाऊंनी मशीन आणलं नव्हतं. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच म्हणाले की मशीन दुरुस्त करायचं नाही, तुम्ही नुसतं घरी येऊन एकदा सांगायचं की त्याच्यात काही नाही.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्षा म्हणते कॉम्प्युटर करंट मारतो. घरात दुसऱ्या कोणालाही मारत नाही. भाऊंनी स्वतः दहा वेळा हात लावून पाहिला. आईने लावून पाहिला. मंगरूळहून एक मेकॅनिक आला, त्याने खुर्चीत बसून तासभर मशीन चालवलं, त्याला काही लागलं नाही. दुसरा आला, त्याने टेस्टर लावला, टेस्टर मंद पेटला, तर तो म्हणाला एवढं राहतंच. आता वर्षाने मशीनला हात लावणंच सोडलं होतं. काम पडून होतं, हिशेबनीस रोज फोन करत होता आणि दुसरी मुलगी बघतो म्हणत होता.

"आई म्हणते हे करंटाचं निमित्त हाय," भाऊ खाली बघत म्हणाले. "तिले वाशीमले बिऱ्हाड कराचं हाय म्हणते. गावात राह्याचं नाही म्हून नाटक करून राह्यली."

मी विचारलं, आणि तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, त्यांना काय वाटतं हे त्यांनाच कळत नाही, पण घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. वर्षाने परवा पिशवी भरली होती, माहेरी जाते म्हणाली, मग दारातून परत फिरली. पुन्हा भरली तर फिरेलच असं नाही. तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्ही सांगितलं की मशीनमध्ये काही नाही, तर तिला पटेल.

खरं सांगते, मला राग आला. माझ्या हाताला काम कधी नव्हे ते बाईमाणूस म्हणून आलं होतं, आणि ते दुसऱ्या बाईला खोटं पाडायचं होतं. पण जायला मी लगेच हो म्हटलं. फक्त घरातल्यांनाच लागणारे, फक्त पावसात लागणारे, असे करंट मी पुष्कळ पाहिले होते. सुनेलाच लागणारा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने आसेगावला गेले. वर्षा फरशी पुसत होती. शहाबादी फरशी, नुकती पुसलेली, काळी दिसत होती. दाराशी चपलांची ओळ होती, मीही माझ्या चपला तिथे काढल्या. बाईमाणूस परक्या घरात चपला घालून शिरत नाही, हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण पाय आपोआप थांबतात. आत संतोषभाऊंनी खुर्ची दिली. त्यांच्या पायांत निळ्या रबरी चपला होत्या. टाचांना भेगा पडतात म्हणून डॉक्टरांनी घरातही घालायला सांगितल्या आहेत, असं ते माझी नजर पाहून म्हणाले. त्यांच्या आई, शांताकाकू, लाकडी दिवाणावर पाय वर घेऊन पाठ ताठ करून बसल्या होत्या. वर्षाने पोतेरं पिळून बादलीत टाकलं आणि ओल्याच पायांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

मी तिथेच थांबले आणि खोलीतल्या सगळ्यांचे पाय पाहिले. मशीन उघडायच्या आधीच मला अर्धं उत्तर मिळालं होतं.

तरी रीतीप्रमाणे विचारलं. काकू, तुम्ही हात लावला तेव्हा कुठे होतात? म्हणाल्या, इथंच दिवाणावर, वाकून लावला. मंगरूळचा मेकॅनिक? प्लास्टिकच्या खुर्चीवर, बूट-मोज्यांसकट. वर्षा कामाला कशी बसते? दिवाणावर बसून, पाय खाली फरशीवर. चपला? काकूंनीच उत्तर दिलं, आमच्या घरात बाया चपला घालून फिरत नाहीत. त्यात ताठा नव्हता. चूल पूर्वेला आहे हे सांगावं तसं त्या सांगत होत्या.

मी मशीन सुरू करायला सांगितलं. पिशवीतून मीटर काढलं, कॅबिनेटचा पत्रा आणि ओली फरशी यांच्यामध्ये लावलं. आकडा बघून हात मागे घ्यायला हवा होता, पण टेबलाच्या कडेने वाकलेली होते, मनगटाची मागची बाजू पत्र्याला लागली आणि कोपरापर्यंत झण्ण करून गेलं. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण वर्षा दारातून पुढे आली.

"ताई," ती म्हणाली, "तुमाले बी लागला?"

मी म्हटलं, हो, लागला. चांगलाच लागला. ती मागे सरून उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडावर धरला. मी इतकी मशीनं दुरुस्त केली, पण दुरुस्ती न करता, नुसतं हो म्हणून, कोणाला इतकं बरं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.

संतोषभाऊ गोंधळून म्हणाले, मला कसा लागत नाही मग? मी समजावून सांगितलं. वीज पत्र्यावर येऊन थांबलेली आहे, तिला जमिनीत जायला वाट हवी आहे. तुमच्या पायात रबर आहे, तुमच्यातून वाट नाही. आईंचे पाय लाकडावर, त्यांच्यातून नाही. मेकॅनिकाचे बूट, त्यातूनही नाही. या घरात जमिनीपर्यंत जाणारी वाट एकच आहे, वर्षा. मशीनने तिला निवडलेलं नाही. तुम्ही सगळे बाजूला झालात आणि ती उरली.

भाऊंनी काय करावं? मी नको नको म्हणेपर्यंत चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि पत्र्याला बोट लावलं. हात असा मागे आला की कोपर भिंतीवर आपटलं. मग ते बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत उभे राहिले. वर्षाकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

मी मशीन बंद केलं, पिन काढली, आणि गंमत म्हणून म्हटलं की भाऊ, तुम्ही मला जे सांगायला बोलावलं होतं ते मी सांगते, मशीनमध्ये काही नाही. मशीन उत्तम आहे. दोष घरात आहे. कोणी हसलं नाही. मग मी काकूंकडे वळले. त्यांना वाटायला नको की सून आणि ही बाई एकमेकींना सामील आहेत, म्हणून मशीन पुन्हा लावून मीटरचा आकडा दाखवते म्हटलं. हात लावायची गरज नाही, या वयात लावूही नये, नुसता काटा बघा.

काकू दिवाणावरून हलल्या नाहीत. "मले काटा कायले दाखवता," त्या म्हणाल्या. "मुंग्या आल्यावानी होते. पह्यले बोटात, मंग कोपरापावतर चढते. हात झटकला का जाते, पण पोटात भेव राह्यते."

भाऊ म्हणाले, "आई, तुले कसं माहीत?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथे दाराआड फ्रीज होता. त्याच्या मुठीला लोकरीचं विणलेलं गवसणीसारखं कव्हर होतं, लाल-हिरव्या फुलांचं. असं कव्हर घरोघर असतं, शोभेसाठी. काकूंनी ते शोभेसाठी विणलं नव्हतं. नवा नळ आला त्या उन्हाळ्यापासून फ्रीजला हात लावला की त्यांना झणझणायचं. त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी, म्हणजे भाऊंच्या वडिलांनी, बूट घालून शेतावर निघता निघता फ्रीज उघडून पाहिला आणि म्हणाले, काही तर नाही. मग डॉक्टरकडे नेलं. तिथे वात ठरला. गोळ्या झाल्या, तेल लावून झालं, हाताला दोरा बांधून झाला. फ्रीजजवळ गेलं की होतं, असं त्या सांगायच्या, तर सगळे हसायचे. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि लोकर आणली. कव्हर मळलं की नवं विणायच्या. मालक वारले तरी विणतच होत्या.

"मले वाटे मलेच होते," काकू म्हणाल्या. "वय झालं का बाईच्या हाताले असंच होत असन. ही तं लेकरू हाय, हिले कुठून होईन? म्हून म्या म्हटलं, नाटक करते."

जो राग घेऊन मी आले होते, तो आता कोणावर ठेवावा हे मला कळेना. मी कामाला लागले, मला दुसरं काही सुचत नाही अशा वेळी.

शोधायला फार वेळ लागला नाही. घराच्या विजेच्या मीटरच्या पाटीमागून हिरवी वायर निघाली होती, फ्रीजच्या आणि कॉम्प्युटरच्या बोर्डाला तीच होती, आणि ती भिंतीतून बाहेर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळली होती. बांधली तेव्हा ठीक असेल, तो पाइप तेव्हा खोल जमिनीत गेलेला होता. नवा नळ आला तेव्हा जमिनीतला पाइप प्लास्टिकचा झाला. वर वीतभर लोखंड तसंच राहिलं, वायर त्याला तशीच राहिली. म्हणजे फ्रीजमधून जे गळत होतं ते जमिनीत जायला वाट नसल्याने हिरव्या वायरने मागे फिरत होतं आणि कॉम्प्युटरच्या पत्र्यावरही येत होतं. फ्रीज जुना होता, त्याच्या मोटरमधून गळती आता बरीच वाढली होती. सासूला जे वर्षानुवर्षं लागत होतं तेच सुनेला लागत होतं, मधे फक्त वायर होती.

मी दोन्ही मशीनं बंद ठेवायला सांगितली. दूध शेजारी ठेवा, विरजण लावा, काहीही करा, पण फ्रीज लावू नका. वर्षाने विचारलं की नुसत्या चपला घातल्या तर चालेल का? काकूंकडे बघत घाबरत विचारलं. मी म्हटलं, चपला घाल, जरूर घाल, पण चपलांनी करंट जात नाही. तू बाजूला होशील, मग तो घरात येणाऱ्या पाहुण्याच्या अनवाणी लेकराची वाट बघेल. एरवी गिऱ्हाइकांना हे पटवायला मला फार बोलावं लागतं. त्या दिवशी भाऊ म्हणाले, खड्डा कुठे खोदायचा तेवढं दाखवा.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमनला घेऊन गेले. काळी माती उन्हाने भेगाळलेली, वरून दगडासारखी. भाऊंनी रात्रीच पाणी सोडून ठेवलं होतं, तरी घाम निघाला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ, थरावर थर. शेजारचे एक आजोबा कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "लोणचं घालून राह्यल्या का मॅडम?" मी म्हटलं, हो बाप्पा, मुरायला वेळ द्या. मग सांगितलं की ही माती उन्हाळ्यात पाइपला सोडून मागे सरते, म्हणून कोरड्या दिवसांत खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा. वायरमनने नवी वायर ओढली, गळती झाली की आपोआप लाइट पाडणारा स्विच बसवला. मग त्याने तपासणीचा दिवा घेतला, एक टोक त्या स्विचच्या आधीच्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला, दुसरं नव्या अर्थिंगला. दिवा न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला. आमच्या धंद्यात आनंद म्हणावा अशा थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक. मी त्याला म्हटलं, जरा वेळ राहू दे, बघू दे.

वर्षा कॉम्प्युटरसमोर बसली. फरशी ओली होती आणि पाय अनवाणी होते. मी आधी मीटर लावून पाहिलं, काटा हलला नाही, मग तिला म्हटलं, लाव हात. तिने लावला. मग तसाच ठेवून दुसऱ्या हाताने माउस हलवला आणि हिशेबनीसाला फोन लावून सांगितलं की काम पाठवा. तिच्या आवाजात काही विशेष नव्हतं, रोजचं बोलावं तसं बोलली.

मी पिशवी भरायला घेतली. या धंद्यात काम झालं की निघून जावं लागतं, पुढे त्या घरात काय झालं ते सहसा कळत नाही, याचं मला वाईट वाटतं. मशीन परत बिघडलं तरच माणसं परत येतात. इथे मात्र चहा टाकला आहे म्हणून थांबले, आणि थांबले ते बरं झालं.

चहाला दूध हवं होतं. ते शेजारून येऊन पुन्हा फ्रीजमध्ये गेलं होतं. वर्षा उठायला लागली तर काकूंनी हातानेच तिला बस म्हटलं आणि स्वतः आत गेल्या. मी दारातून पाहत होते. फ्रीजसमोर त्या जरा थांबल्या. मग मुठीवरचं विणलेलं कव्हर बटणं सोडून काढलं, घडी केली, ओट्यावर ठेवलं. नुसत्या हाताने मूठ धरली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग अख्खा तळहात फ्रीजच्या पत्र्यावर टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या. दूध काढायचं विसरल्या. संतोषभाऊ म्हणाले, आई, गारवा बाहेर जाते. त्यांनी ऐकलं नाही.

वर्षा मागे जाऊन उभी राहिली होती. काकू वळल्या नाहीत, हात तसाच ठेवून बोलल्या.

"तू पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, नाही?"

"हो आई."

"तुह्यं खरं होतं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, तिला नव्हे, मला नव्हे, फ्रीजच्या त्या उघड्या दाराकडेच बघत, "माह्यं बी खरं होतं."